मदत हवी आहे : मातीच्या कुंड्यांवर जुन्या, विटलेल्या चुन्याचे रूप कसे आणावे?

नमस्कार. पुण्यातल्या आमच्या गॅलरीसाठी मी कुंभारवाड्यातून आठ इंची अकरा साध्या मातीच्या कुंड्या आणल्या. त्यांना जुनेपण आणण्याच्या प्रयत्नात त्यांपैकी चार बिघडल्या आहेत. अजून न रंगवलेल्या सहा कुंड्यांना हात लावण्यापूर्वी हे काम स्वतः केलेल्यांचा सल्ला मला हवा आहे.

मला नेमके काय हवे आहे ते आधी सांगते. वाईजवळ माझ्या आजोळी परसात तुळशीशेजारी एक मोठी कुंडी आहे. दिवाळीपूर्वी घराच्या भिंतींना चुना दिला जाई आणि बादलीत उरलेला चुना या कुंडीला लावला जाई. गेल्या मे महिन्यात तिथे गेले असताना तिच्या काठाचा एक टवका उडालेला दिसला आणि त्याच्या कडेवरून नख फिरवून मी थर मोजले. वर पांढरा, त्याखाली फिकट निळा (त्या वर्षी नीळ बहुधा जास्त पडली असावी), मग पुन्हा दोन पांढरे, त्याखाली गेरूचा पट्टा आणि शेवटी भाजलेली माती. बुडाकडे चुना जवळजवळ धुऊन गेला आहे, तर काठाच्या आतल्या बाजूला तो अजून जाड आहे. हेच रूप मला नव्या कुंड्यांवर हवे आहे.

मी केले ते असे. कुंड्या धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवल्या, बाहेरून निळ्या ॲक्रिलिक रंगाचा एक हात दिला आणि तो वाळल्यावर काठावर व मधल्या फुगीर भागावर मेणबत्ती घासली. त्यावर पांढऱ्या ॲक्रिलिकचे दोन हात देऊन, दुसऱ्या दिवशी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासले. मेण लागलेल्या जागचा पांढरा रंग सहज निघाला आणि खालचा निळा डोकावू लागला. त्या दिवशी कुंड्या खरोखर सुंदर दिसत होत्या. मात्र माती भरून रोपे लावल्यावर तीन आठवड्यांत बुडापासून चार बोटे उंचीपर्यंत रंगाला फोड आले, ते दाबले की आत पाणी लागे, आणि नंतर रंग पापुद्र्यासारखा निघू लागला. पापुद्र्याच्या मागे पांढरा, मिठासारखा खार जमला होता. त्याच पद्धतीने रंगवलेली पाचवी कुंडी मात्र रिकामीच राहिली होती आणि ती आजही जशीच्या तशी आहे. झाडांना आम्ही सोसायटीच्या बोअरचे पाणी घालतो.

कुंडी आतून जलरोधक केली तर रंग टिकेल का, आणि तसे केल्यास मुळांचे काय होईल? की ॲक्रिलिक सोडून खरा चुनाच वापरावा? चुना वापरायचा तर त्यात निळा आणि लाल रंग कशाने आणावा? एका कुंडीत अनंत लावायचा आहे, त्याला चुना चालेल का?

प्रतिसाद :

तुमची रिकामी कुंडी टिकली, यातच कारण दडलेले आहे. भाजलेली माती सच्छिद्र असते. आतले पाणी भिंतीतून बाहेर झिरपते आणि बाहेरच्या पृष्ठभागावरून उडून जाते. ॲक्रिलिकचा पापुद्रा त्याची वाट अडवतो, त्यामुळे ओल रंगाच्या मागे साचते. बोअरच्या पाण्यातले आणि खतातले क्षार तिथेच स्फटिकरूपाने जमतात आणि रंगाला मागून ढकलतात. तुमच्या मेणात किंवा पॉलिश पेपरात काही चूक नव्हती.

आतून जलरोधक थर दिला तर रंग टिकतो, परंतु मातीच्या कुंडीचा मुळांना होणारा मुख्य लाभ, म्हणजे भिंतीतून होणारी हवेची ये-जा, त्याने संपतो, आणि पाणीही बेताने घालावे लागते. बिघडलेल्या चार कुंड्या वाचवायच्या असतील तर रोप नर्सरीच्या प्लॅस्टिकच्या कुंडीत ठेवून ती आत बसवा. न रंगवलेल्या सहा कुंड्यांसाठी मी चुनाच सुचवीन, कारण तो श्वास घेतो आणि झिजताना पापुद्र्याने निघण्याऐवजी हळूहळू भुकटीने उतरतो. आजोळच्या कुंडीचे रूप त्या झिजण्यातूनच आले आहे.

शक्यतो भिजवलेला तयार चुना घ्या. कळीचा चुना घरी विझवणार असाल तर चुना पाण्यात टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उकळून उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे हवेतच, आणि ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. चुना फडक्याने गाळून पातळ ताकासारखा करा आणि त्यात थोडे डिंकाचे पाणी घाला. काही जण मीठ घालतात, ते कुंडीला मुळीच नको, कारण खार वाढेल. कुंडी ओली करून मगच कुंचा फिरवा. ओला असताना चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळताना पांढरा होतो, म्हणून पहिला हात दिसत नाही असे वाटून लगेच दुसरा देऊ नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो घट्ट होतो, त्यामुळे दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या.

लाल थरासाठी गेरू आणि निळ्यासाठी कपड्यांची नीळ, ही दोन्ही चुन्यात टिकतात. प्रत्येक थर अर्धवट वाळला की ओल्या फडक्याने काठावर, बुडाकडे आणि हात लागतो त्या जागी पुसा. घासण्यापेक्षा पुसण्याने येणारी कड मऊ असते आणि मला तीच खरी वाटते. अनंताला आम्लधर्मी माती लागते, चुन्याने त्याची पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. त्याची कुंडी साधीच ठेवा. पावसाळ्यात सावलीच्या बाजूला ती आपोआप शेवाळेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद :

मनापासून आभार. एका कुंडीवर करून पाहिले. गेरूचा एक, निळीचा एक आणि साध्या चुन्याचे दोन हात दिले, प्रत्येक थर पुसत गेले. त्यात कोरफड लावून पाच आठवडे झाले, बुडाशी ओल दिसते, पण फोड एकही नाही. खार थोडा येतो, तो चुन्याच्या पांढऱ्यात मिसळून जातो आणि वाईट दिसत नाही. काठाच्या आत मी चुना दोन बोटेच नेला, त्याखालची भिंत कोरी आहे.

एक शंका उरली आहे. कुंडी उचलताना हाताला अजून पांढरी भुकटी लागते. डिंक वाढवावा, की चुना पुरता घट्ट होण्यासाठी आणखी काही आठवडे थांबावे? उरलेल्या कुंड्यांना दिवाळीपूर्वी हात देण्याचा विचार आहे, तोवर कोणी सांगितले तर उपकार होतील.