मॉर्मनांचं घर कशावर उभं आहे: दर्शनावर की श्रद्धेवर?

धागाकर्ता: कडुलिंब

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक मॉर्मन (अमेरिकेत जन्मलेल्या एका ख्रिस्ती पंथाचा) सहकारी बसतो. चहा नाही, कॉफी नाही, पण वादाला कधीही तयार. महिनाभर डबा खाताना आमचं एकच चाललंय. तो म्हणतो, "आमच्यात श्रद्धा आधी. कुणाला काय दिसलं ते नंतर." मला हे साफ अमान्य आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८२० चा वसंत, न्यूयॉर्क राज्यातलं पामायरा गाव. मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन अशी सगळ्यांचीच माणसं आपापल्या बाजूला ओढतायत. जोसेफ स्मिथ नावाचा शेतकऱ्याचा चौदा वर्षांचा पोरगा गोंधळतो. बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात वाचतो की ज्याला शहाणपण कमी पडतं त्याने ते देवाकडे मागावं. म्हणून घराजवळच्या रानात जाऊन गुडघे टेकतो. त्याने पुढे सांगितलं ते असं: आधी जीभच लुळी पडली, अंधारून आलं, मग डोक्यावर प्रकाशाचा खांब उतरला आणि त्यात देव आणि येशू असे दोघे उभे. यातल्या कुठल्याच पंथात जाऊ नकोस, असं त्यांनी सांगितलं. १८२३ मध्ये मोरोनी हा देवदूत आला, १८२७ मध्ये टेकडीतून सोन्याचे पत्रे मिळाले, त्यांच्यावरचा मजकूर म्हणून १८३० मध्ये 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ छापला गेला आणि ६ एप्रिल १८३० ला चर्च स्थापन झालं.

आता सांगा, यातली दर्शनं काढून टाकली तर उरतं काय? त्यांचेच अध्यक्ष गॉर्डन हिंकली २००२ मध्ये जाहीर सभेत बोलले होते की ते दर्शन एक तर घडलं किंवा घडलं नाही, आणि नसेल घडलं तर हे सगळं कार्य म्हणजे फसवणूक आहे. इतकं स्पष्ट तर मीही बोललो नसतो!

माझा मुद्दा एवढाच: एकाने पाहायचं आणि पावणेदोन कोटींनी मानायचं. श्रद्धा ही तिथे दर्शनाची मोलकरीण आहे.

भोचक भवानी

आमच्या आजीला गणपतीचा दृष्टांत व्हायचा आणि एकवीस मोदक आईला वळावे लागायचे. धागाकर्त्याशी सहमत. +१

सॉल्टलेककर

असहमत. नऊ वर्षं अमेरिकेत, मॉर्मनांच्या युटा राज्यात राहतोय. दोन्ही बाजूंचे शेजारी मॉर्मन, मुलाच्या वर्गातली निम्मी मुलं मॉर्मन. मी स्वतः नाही आणि होणारही नाही, पण जे दिसतं ते सांगतो.

त्यांचा ग्रंथ एकदा उघडून बघा. सुरुवातीलाच नेफी आणि त्याचे थोरले भाऊ लेमन आणि लेम्युएल यांची गोष्ट आहे. हे दोघे धाकट्याला काठीने बडवत असताना समोर देवदूत उभा राहतो आणि त्यांना झापतो. प्रत्यक्ष देवदूत! तो गेल्या गेल्या हे दोघे पुन्हा कुरकुरायला लागतात की ज्याच्याकडून ग्रंथ आणायचाय त्या लाबानकडे पन्नास माणसं आहेत, आपलं कसं होणार? पुस्तकभर हे दोघे वाया गेलेलेच दाखवलेत. म्हणजे डोळ्यांनी बघून माणूस सुधारत नाही, हे त्यांचं पुस्तक पहिल्या काही पानांतच सांगून मोकळं होतं. पुढे कोरिहोर नावाचा एक जण 'चिन्ह दाखवा, मगच मानतो' म्हणून अडून बसतो. त्याला चिन्ह मिळतं: वाचा जाते.

उलट ज्याने काहीच पाहिलेलं नाही त्याच्यासाठी याच ग्रंथातल्या 'आल्मा' या भागाच्या बत्तिसाव्या अध्यायात बी पेरायचा दाखला आहे. खात्री नसली तरी पेरून बघ, उपटून फेकू नकोस, फुगतंय का ते बघ. माझ्या शेजाऱ्यांचा रोजचा धर्म हा आहे. मोरोनी त्यांच्या बोलण्यात वर्षातून एखादवेळी येत असेल.

आणि कडुलिंब, त्या पोराने रानात जाऊन गुडघे टेकले ते का? बायबलमधल्या त्या ओळीवर विश्वास होता म्हणूनच ना? मग आधी काय आलं?

प्रश्नचिन्ह

@सॉल्टलेककर, तुम्ही सोयीची पानं उघडलीत. त्याच पुस्तकात ईथरच्या तिसऱ्या अध्यायात जारेदच्या भावाची गोष्ट आहे. त्याला नावेत उजेड हवा असतो. तो सोळा छोटे दगड वितळवून तयार करतो आणि देवाला म्हणतो, यांना हात लाव म्हणजे हे उजळतील. देव हात लावतो आणि याला देवाचं बोट दिसतं. मग संपूर्ण येशू. आणि तिथे चक्क असं वाक्य आहे की आता त्याच्याकडे श्रद्धा उरली नाही, कारण त्याला कळलं होतं.

श्रद्धा *उरली नाही*. ही स्तुती आहे बरं का, टीका नव्हे. म्हणजे श्रद्धा ही जिन्याची पायरी आणि दर्शन हा माडीवरचा दिवाणखाना. पायरीवर कोणी बिऱ्हाड करतं का?

सॉल्टलेककर

पण त्याच आल्माच्या अध्यायात असंही आहे की बी फुगलं की 'त्या एका बाबतीत' तुझं ज्ञान पूर्ण झालं आणि तिथे तुझी श्रद्धा आता निजली. म्हणजे दिवाणखान्यात पोचायला बोट दिसावंच लागतं असं नाही. दर्शनाशिवायही 'कळतं', असं ते मानतात.

हे मी स्वतः पाहिलंय. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असतो, दोन जेवणं सोडायची आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. त्या दिवशी ठरलेलं प्रवचन नसतं. पावाचे तुकडे आणि इवल्या पेल्यांतून पाणी फिरवून झालं की ज्याला वाटेल त्याने उठून माइकपाशी जायचं आणि साक्ष द्यायची. शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर एकदा गेलो होतो. एक म्हातारे गृहस्थ बायकोच्या आजारपणाबद्दल बोलता बोलता थांबले, रुमाल काढला, आणि शेवटी म्हणाले, "हे चर्च खरं आहे हे मला माहीत आहे." पाठोपाठ एक चारेक वर्षांची चिमुरडी. आई कानात सांगतेय, ती माइकमध्ये बोलतेय. "मला माहीत आहे... चर्च खरं आहे... मला माहीत आहे..." मध्येच विसरली आणि बुटाकडे बघत उभी राहिली. तासाभरात देवदूताचं नाव एकानेही काढलं नाही. 'मला वाटतं' किंवा 'माझा विश्वास आहे' असंही फारसं कुणी म्हटलं नाही. सगळे 'माहीत आहे' म्हणतात.

भोचक भवानी

म्हणजे पाहिलं नाही, तरी माहीत आहे. आणि ज्याने पाहिलं त्याचं मात्र रोज काहीतरी नवीन. मज्जाय. 🍿

कडुलिंब

@सॉल्टलेककर, तुमची चिमुरडीच माझा पुरावा आहे. तिला काय माहीत आहे? आईने सांगितलेलं. आईला कोणी सांगितलं? असं मागे मागे जात राहिलात की शेवटी त्या रानातच पोचता.

शिवाय ते दर्शनही धड एकसारखं नाही. १८३२ मध्ये स्वतः जोसेफने लिहिलेल्या हकिगतीत फक्त 'प्रभू' दिसतो आणि मुख्य गोष्ट म्हणजे पापांची क्षमा. १८३८ च्या हकिगतीत दोघे दिसतात आणि मुख्य गोष्ट होते सगळे पंथ चुकीचे असल्याची. १८३५ आणि १८४२ च्या आणखी वेगळ्या. आता ज्याच्यावर सगळं घर उभं, तोच खांब हलतोय म्हटल्यावर 'श्रद्धा आधी' म्हणणं सोयीचं असणारच.

जुनं खोड

दोन्ही बाजू वाचल्या. माझं मत तिसरंच आहे. जरा लांबण लागेल, निवृत्त माणसाकडे वेळ असतो.

पहिली गोष्ट, कडुलिंब यांनी इतिहास उलटा वाचलाय. आज रानातलं दर्शन पाया वाटतं, पण चर्चच्या पहिल्या दहा वर्षांत जे लोक आले त्यातल्या बहुतेकांनी ते ऐकलंही नव्हतं. त्याची हकिगत पहिल्यांदा छापली गेली १८४० मध्ये, तीसुद्धा अमेरिकेत नाही तर एडिंबरोला, ऑर्सन प्रॅट या त्यांच्या प्रेषिताच्या पत्रकात. ती धर्मग्रंथांत अधिकृतपणे आली १८८० मध्ये. सुरुवातीचे लोक आले ते हातात पडलेल्या पुस्तकामुळे. पाच हजार प्रती छापायला मार्टिन हॅरिस या जोसेफच्या पाठीराख्याने आपलं शेत गहाण टाकलं होतं. खांब हलत असेल, पण तो नंतर घातलेला खांब आहे. घर त्याआधीच उभं होतं.

दुसरी गोष्ट साक्षीदारांची. १८२९ मध्ये ऑलिव्हर काउडरी, डेव्हिड व्हिटमर आणि मार्टिन हॅरिस या तिघांनी सही केली की देवदूताने आम्हाला ते पत्रे दाखवले. १८३८ पर्यंत तिघेही चर्चबाहेर! आपण पाहिलं ते खोटं होतं, असं मात्र तिघांपैकी कोणी म्हटलं नाही. काउडरी आणि हॅरिस पुढे परत आले, व्हिटमर कधीच आला नाही. उलट १८८७ मध्ये त्याने पत्रक काढून लिहिलं की तुम्ही माझी पहिली साक्ष मानत असाल तर हेही माना: १८३८ च्या जूनमध्ये देव माझ्याशी पुन्हा बोलला आणि या लोकांपासून वेगळा हो म्हणाला. आता काय करणार? एकाच माणसाची दोन श्रवणं. चर्च पहिलं छापतं, दुसरं सोडून देतं.

आणि इथेच खरी गोम आहे. १८३० च्या सप्टेंबरमध्ये, चर्चला सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा हायरम पेज नावाच्या सदस्याला एका दगडातून संदेश यायला लागले. काउडरीसारख्याचाही त्यावर विश्वास बसला. मग जोसेफला प्रकटीकरण झालं की संपूर्ण चर्चसाठी आज्ञा घेण्याचा अधिकार फक्त जोसेफचा. विषय संपला. तेव्हापासून नियम असा: तुम्हाला तुमच्या घरापुरतं, तुमच्या कामापुरतं काय हवं ते देवाकडून मिळू दे. सगळ्यांसाठी मात्र एकालाच मिळणार.

जोसेफला २७ जून १८४४ ला कार्थेजच्या तुरुंगात जमावाने मारलं. त्यानंतर जेम्स स्ट्रँग वारसदार म्हणून पुढे आला. त्याच्याकडे देवदूत होता. जमिनीतून उकरून काढलेले पत्रे होते, साक्षीदार होते. जोसेफकडे होतं ते सगळं होतं म्हणा ना. मार्टिन हॅरिस काही काळ त्याच्यामागे गेला, जोसेफचा सख्खा भाऊ विल्यमसुद्धा. दुसरा दावेदार ब्रिगहॅम यंग. त्याच्याकडे यातलं काही नव्हतं. त्याच्याकडे बारा प्रेषितांची मंडळी होती आणि गाड्या जोडून माणसं पश्चिमेला न्यायची धमक होती. १८४७ मध्ये आजच्या युटात, सॉल्ट लेकच्या खोऱ्यात कोण पोचलं ते आपल्याला माहीत आहे.

तेव्हा दर्शन मोठं की श्रद्धा मोठी हा वादच मला फसवा वाटतो. *कुणाचं* दर्शन, हे कोण ठरवतो ते बघा.

अवांतर: या मंडळींचा पुण्याशीही जुना संबंध आहे. ह्यू फिंडले हा त्यांचा मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यातही प्रचार करून गेला. फार कोणी हाती लागलं नाही. पुणेकरांना दुसऱ्याचं दर्शन मानायची सवय तेव्हाही नसावी. (हलकेच घ्या.)

प्रश्नचिन्ह

@जुनं खोड, प्रतिसाद आवडला, पण राजकारण सांगून तुम्ही मूळ प्रश्नातून निसटलात. ज्या बाईने युटाला पोचायला हातगाडी ओढत हजारभर मैल तुडवले, ती काय बारा जणांची मंडळी बघून निघाली होती?

जुनं खोड

नाही. पण देवदूत बघूनही निघाली नव्हती.

रोचेस्टरची सुमन

वाचनमात्र होते, आता राहवत नाही. आमच्या घरापासून ते रान गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. पाहुणे आले की नायगारा झाल्यावर तिकडे नेते, फुकट असतं म्हणून.

उंच मेपल आणि बीचची झाडं, पायवाटा, मधून मधून बाकं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अख्खं रान पालथं घातलं, की 'इथे देव प्रकटले' असा चौथरा कुठेतरी असेल. दानपेटी तरी असेल. काहीच नाही. तिथे सेवेला असलेल्या एका आजींना विचारलं तर म्हणाल्या, नेमकी जागा आम्हाला माहीत नाही आणि आम्ही खूण करत नाही. मी म्हटलं, मग लोक नमस्कार कुठे करतात? त्यांना प्रश्नच कळला नाही.

सासूबाई बरोबर होत्या. त्यांनी एका मोठ्या झाडाला हळूच हात लावून घेतला. म्हणाल्या, असू दे, चुकला तर चुकला.

सॉल्टलेककर

@रोचेस्टरची सुमन, सासूबाईंना नमस्कार. कडुलिंब, ज्या धर्माचा पाया दर्शन आहे त्याने ती जागा आजवर खूण न करता ठेवली, याचं तुमच्याकडे उत्तर आहे?

कडुलिंब

नाही. तूर्त तरी नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. जुनं खोड यांचा प्रतिसाद वाचल्यावर मॉर्मनांच्या 'डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स' या दुसऱ्या ग्रंथात शोधाशोध केली. शेहेचाळिसाव्या भागात देणग्यांची यादी आहे. काहींना पवित्र आत्म्याकडून कळणं दिलेलं असतं. आणि लगेच पुढे: इतरांना त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणं दिलेलं असतं. दोन्ही देणग्याच. दुसरी देणगी कमी प्रतीची, असं काही तिथे लिहिलेलं नाही. 'मोलकरीण' शब्द मागे घेतो.

काल डबा खाताना ते सहकाऱ्याला दाखवलं आणि विचारलं, तू यातल्या कुठल्या गटात? मला वाटलं, ठरलेलं 'मला माहीत आहे' येणार. त्याने पोळीचा तुकडा मोडला (माझ्याच डब्यातला), बराच वेळ चावत राहिला आणि म्हणाला, "माझ्या आईला माहीत आहे. मी आईच्या शब्दावर आहे."

मग बटाट्याच्या भाजीत मोहरी का घालतात ते विचारायला लागला.

भोचक भवानी

मोहरी का घालतात?