घरातली मेथी तिसऱ्या खेपेला निम्म्यावर आलीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ठाण्यात फ्लॅट आहे, बाल्कनी उत्तरेला आणि समोर टॉवर, त्यामुळे ऊन फक्त समोरच्यांच्या भिंतीवर बघायचं. म्हणून हॉलच्या कोपऱ्यात रॅकवर भाजीचे दोन क्रेट ठेवलेत, वर २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब, सकाळी ६ ते रात्री १० चालू. लाल माती, गांडूळ खत, कोकोपीट, दोन मुठी निंबोळी पेंड, आणि दर पंधरा दिवसांनी जीवामृत (शेण-गोमूत्र-गूळ आंबवलेलं पाणी) पातळ करून (त्या वासावरून सासूबाई काय काय बोलल्या ते इथे लिहीत नाही).

पहिल्या खेपेला एका क्रेटमधून ३४० ग्रॅम मेथी निघाली २८ दिवसांत, काट्यावर मोजून लिहून ठेवलंय. दुसरी २६०. आता तिसरीला ३५ दिवस झाले तरी १५० भरेल असं वाटत नाही, खालची पानं पिवळी, काड्या नुसत्या लांब, आणि एवढ्याशा रोपांना फुलं! मला खरं तर खेप २२-२३ दिवसांवर आणायची होती, म्हणून काढणी झाली की त्याच दिवशी सगळी माती उकरून, मुळं वेचून, सुकी पानं चुरून भरपूर मिसळते, जिवंत मातीला खाऊ हवा ना, आणि लगेच बी टाकते. चिलटंही झालीत, परवा वरणात सापडलं. खत वाढवू का लाईट?

प्रतिसाद १: दोन्ही नको. ताई, सुकी पानं मातीत मिसळली की ती कुजवायला जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात, मेथीला काय उरणार? पानं वर पसरा. आणि मेथी उपटू नका, कात्रीने मातीलगत कापा, मुळं आतच राहू देत. एक रोप हळूच काढून मुळावरच्या गाठी नखाने फोडून बघा, आत गुलाबी असेल तर गाठीतले, हवेतलं नत्र मेथीला देणारे जिवाणू कामावर आहेत.

प्रतिसाद २: १६ तास लाईट कशाला?? दिवस मोठा झाला की मेथी फुलावर जाते, पालकाचंही तेच. १२ तासांवर आणा आणि ट्यूब खाली घ्या, काड्या लाईट लांब असल्यामुळे ताणल्यात. चिलटांसाठी वरचा इंचभर थर सुकल्याशिवाय पाणी नाही.

धागाकर्ती: आत्ताच बघितलं. अख्ख्या मुळावर तीन गाठी, त्याही आतून पांढऱ्या. आणि ट्यूब पट्टीने मोजली तर पानांपासून पावणेदोन फूट वर 🤦 आता वीतभरावर आणते. पण काढणीनंतर क्रेट किती दिवस रिकामा ठेवायचा?

प्रतिसाद १: रिकामा ठेवूच नका. काढणीच्या आधी पंधरा-वीस दिवस पालकाची रोपं छोट्या ट्रेमध्ये तयार करा, मेथी कापली की मधे मधे लावा, वरून मूठभर गांडूळ खत. म्हणजे पालकाचे सुरुवातीचे दिवस ट्रेमध्येच जातात, क्रेट अडकत नाही. मेथीवर मेथी घेऊ नका लागोपाठ.

धागाकर्ती: पालक आजच टाकते. आणि या पिवळ्या मेथीचं काय, थालीपीठ?