मनःशक्तीला दाद न देणारे चिलखत : किती अभेद्य असावे?

धागाकर्ता

विज्ञानकथेवर बेतलेल्या रोलप्लेइंग खेळात (जिथे प्रत्येक खेळाडू एक पात्र निभावतो आणि कृतीचे यश फाशांवर ठरते) मनःशक्ती वापरणारे पात्र आले की तिला रोखणारे चिलखतही फार काळ मागे राहत नाही, कारण पहारेकऱ्याचे मन वाचून कुलपाचा संकेत काढून घेणाऱ्या पात्रापुढे गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, दुसरा उपाय चटकन सुचत नाही. मागच्या मोहिमेत मीही तेच केले. अंतराळतळावरच्या सहाही पहारेकऱ्यांना मी मनोरोधक शिरस्त्राणे दिली आणि नियम ठेवला की ते डोक्यावर असेपर्यंत मनःशक्तीचा काहीही परिणाम होणार नाही. आमच्यातली जी खेळाडू टेलिपाथ (मन वाचणारे पात्र) खेळत होती, तिने पहिल्या फेरीत प्रयत्न केला, तेव्हा मी ‘परिणाम नाही’ असे सांगितले. दुसऱ्या फेरीतही तेच सांगितले. तिसऱ्या फेरीत तिने फासे डबीत ठेवून झाकण लावले आणि पुढचे दोन तास ती इतरांची लढाई नुसती पाहत बसली. त्या बैठकीचे मला अजून वाईट वाटते.

म्हणून माझे म्हणणे असे की असे चिलखत कधीही पूर्ण अभेद्य नसावे. ते झिजणारे असावे. ‘सायबरपंक २०२०’ या खेळात गोळी चिलखत भेदून गेली की त्या जागेचा संरक्षणाचा आकडा १ ने उतरतो. हेच तत्त्व मनःशक्तीला लावले, तर टेलिपाथचा प्रयत्न फसला तरी पुढच्या प्रयत्नासाठी वाट थोडी मोकळी होते आणि खेळाडूची फेरी वाया जात नाही.

प्रतिसाद : जुना खेळाडू

मी पूर्णपणे असहमत आहे. १९७७ साली आलेल्या ‘ट्रॅव्हलर’पासून मनोरोधक शिरस्त्राण ही कल्पना या खेळांत आहे, आणि तिची सारी गंमत मन खरोखर बंद होण्यातच आहे. ज्या जगात मने वाचणारी माणसे उघड वावरतात, तिथले कोणतेही शहाणे शासन आपल्या महत्त्वाच्या पहारेकऱ्यांना असे साधन देणारच. ते दिले नाही तर ते जगच खोटे वाटू लागते.

झिजणाऱ्या चिलखताचा दोष असा की खेळाडू विचार करायचे सोडून तोच फासा पुन्हा पुन्हा टाकत राहतो, कारण कधी ना कधी भिंत पडणार हे त्याला ठाऊक असते. भिंत पडणारच नाही असे कळले, की तो आजूबाजूला पाहतो : शिरस्त्राण न घातलेला तंत्रज्ञ कोण आहे, पहारा कधी बदलतो, हवेचा दाब घटवला तर हे लोक शिरस्त्राण उतरवून श्वसनमुखवटा चढवतील का? तुमची चूक अभेद्यतेत नव्हती. सहापैकी सहाही जणांना शिरस्त्राणे दिलीत आणि त्याची कुणकुण आधी लागू दिली नाहीत, ही चूक होती. शिवाय सहा पहारेकऱ्यांच्या सहा उतरत्या आकड्यांचा हिशेब लढाईच्या धामधुमीत कोण ठेवणार?

प्रतिसाद : फासेमोजणी

दोघेही ‘अभेद्य’ हा शब्द सोपा समजत आहात. दोन सहापैलू फाशांची बेरीज ८ किंवा अधिक आली तर यश, असा नियम धरा. ३६ पैकी १५ शक्यता अनुकूल, म्हणजे साधारण ४२ टक्के. चिलखताने २ वजा केले की १० हवेत, म्हणजे ३६ पैकी ६, जेमतेम १७ टक्के. ४ वजा केले की दोन्ही फाशांवर ६ पडायलाच हवेत. ३६ पैकी एकच शक्यता उरते. कागदावर ‘वजा ४’ हा माफक अडथळा वाटतो, पटावर मात्र ती भिंतच असते. वीसपैलू फाशावर तेच ‘वजा ४’ यशाची शक्यता २० टक्क्यांनी कमी करते आणि खेळाडूला आशा ठेवायला जागा राहते.

आणखी एक गोष्ट. ज्या पात्राला कौशल्याचे २ अधिक मिळतात, त्याची शक्यता ‘वजा २’मुळे ७२ वरून ४२ टक्क्यांवर येते, तर नवख्याची ४२ वरून १७ वर. मूळ शक्यतेच्या प्रमाणात पाहिले, तर एकच चिलखत नवख्याला अधिक जाचते. शिरस्त्राणाचा आकडा ठरवण्याआधी समोर कोणते पात्र उभे राहणार आहे, हे पाहायलाच हवे.

प्रतिसाद : चिलखताची दुसरी बाजू

मला आकड्यापेक्षा कक्षेची चिंता जास्त वाटते. शिरस्त्राण मनावरचा हल्ला थांबवते हे ठीक, पण मनःशक्तीने उचलून फेकलेली लोखंडी पेटी ते थांबवते का? माझ्या मते नाही, कारण पेटी एकदा हवेत सुटली की ती नुसती पेटी असते. हा भेद मोहीम सुरू होण्याआधी लिहून ठेवला, तर टेलिकायनेसिस (मनाने वस्तू हलवणे) जाणणारा खेळाडू अभेद्य शत्रूपुढेही हतबल होत नाही.

लढाई संपल्यावर ही शिरस्त्राणे खेळाडूंच्याच हाती पडतात, याचा विचार वर कोणीही केलेला नाही. मग चार जणांचा चमू शत्रूच्या मनोयोद्ध्याला जुमानेनासा होतो आणि गेम मास्टरचे पुढचे कथानक कोसळते. म्हणून वापरणाऱ्यालाही किंमत मोजावी लागावी : शिरस्त्राणात साथीदाराचा मानसिक निरोपही पोहोचू नये आणि त्याची बॅटरी एका बैठकीपुरतीच टिकावी.

धागाकर्ता

सहाही जणांना शिरस्त्राणे देणे ही माझीच चूक, हे मान्य. पेटीचा भेदही मी नियमांत घेतो. पण मूळ मुद्दा मी सोडत नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या जुन्या आवृत्त्यांत जादूरोध हा टक्क्यांत असे आणि तो लागला की मंत्र सरळ फुकट जाई, २०१४च्या पाचव्या आवृत्तीत त्याच नावाच्या गुणाने फक्त बचावाचा (मंत्राचा परिणाम टाळण्याचा) फासा दोनदा टाकून चांगला आकडा घेता येतो. इतक्या जुन्या खेळाने संपूर्ण नकाराकडून झुकत्या मापाकडे प्रवास केला, तो खेळाडूंचा अनुभव पाहूनच केला असावा, असे मला वाटते.

प्रतिसाद : जुना खेळाडू

उदाहरण अर्धेच दिलेत. त्याच आवृत्तीत बलाढ्य शत्रूंना बहुधा दिवसातून ३ वेळा फसलेला बचाव सरळ यशस्वी ठरवता येतो. तो संपूर्ण नकारच आहे, फक्त मोजका आहे. पहिला नकार मिळाला की टेबलावर सगळे सावध होतात आणि उरलेले दोन कसे खर्ची पाडायचे याची खलबते सुरू होतात. तुमच्या शिरस्त्राणाला असे ३ नकार द्या, आणि प्रत्येक नकारासरशी त्यावरचा एक दिवा विझतो असे वर्णन करा. झीजही दिसेल आणि भिंतही भिंतच राहील. मात्र तळाच्या सेनापतीचे शिरस्त्राण मी तरीही दिव्यांविना, पूर्ण बंदच ठेवीन.