मदत हवी आहे: मिल्क रिप्लेसरमध्ये (वासराला दुधाऐवजी पाजायची पावडर) सोया प्रोटीन असलं तर लहान वासराला चालते का, आणि किती दिवसाचं झाल्यावर?

आर्वीचा_गोपालक:
नमस्कार मंडळी. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातला, घरी जर्सी क्रॉस आणि गौळाऊ अशा दोन्ही गायी आहेत. गौळाऊचा गोऱ्हा मायच्या थानालाच पितो, त्याची काही चिंता नाही. प्रश्न एका जर्सी कालवडीचा आहे, अजून पंधरा दिवसांची पण झाली नाही अन् तिच्या मायला दगडी (कासेची सूज) झाली, इंजेक्शनं सुरू आहेत, म्हणून ते दूध डेअरीत घालता येत नाही आणि वासराला पाजायला माझं मन घेत नाही. चीक जन्मल्यावर लगेच पोटभर पाजला होता, म्हणून तिकडून निश्चिंत आहे. आता दुसऱ्या गायीचं दूध काढून पाजतो, पण मग डेअरीत तेवढं दूध कमी जाते आणि दर दहा दिवसाच्या पेमेंटवरच घर चालते हो.

तर तालुक्याच्या दुकानात मिल्क रिप्लेसरची दोन पोती पाहिली. महागाच्या पोत्यावर लिहिलं आहे स्किम मिल्क पावडर आणि व्हे (दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातलं) प्रोटीन. स्वस्तवाल्यावर व्हे पावडर, सोया प्रोटीन कॉन्सन्ट्रेट, हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन, वनस्पती तेल, वरून लायसिन आणि मेथिओनिन (प्रोटीनचे घटक). प्रोटीन दोन्हीवर २२ टक्केच, पण फायबर पहिल्यावर ०.१ आणि दुसऱ्यावर ०.८. दुकानदार म्हणे प्रोटीन सारखंच आहे मग जास्तीचे पैसे काहून घालता. मी दोन्हीचा नमुना थोडा थोडा मागून आणला, घरी काचेच्या ग्लासात कोमट पाण्यात घोळून ठेवला, पहिला तासाभरानंही दुधासारखाच होता अन् दुसऱ्याच्या तळाला पिवळसर तपकिरी गाळ बसला, बोटानं चोळला तर बारीक रव्यासारखा लागला. तो गाळ कालवडीच्या पोटात गेल्यावर काय होईल हे मला समजून घ्यायचं आहे.

आणखी एक, घरात सोयाबीन पोत्यांनी पडून आहे, ते भाजून दळून दुधात घोळलं तर जमेल का? शेजारचे काका म्हणतात सरकी ढेपीचं पाणी पाज, गूळ टाक, वासरू फुगते चांगलं. माहीतगारांनी कृपया सांगा, कालवड चांगल्या वळूची आहे, गमवायची नाही मला.

दर्यापूरचा_भाऊ:
भाऊ पहिलं सांगतो, सरकी ढेप लहान वासराले अजिबात देऊ नका. मोठ्या गाईले चालते, वासराले नाही. आमच्या गावात ढेपीचं पाणी पाजत पाजत वाढवलेलं एक वासरू चांगलं गुटगुटीत दिसे, अन् एक दिवस उभ्या उभ्या धापा टाकून गेलं, डॉक्टरनं ढेपीचंच कारण सांगितलं. बाकी पावडरचं मले तेवढं समजत नाही, ते डॉक्टर सांगतील.

पशुवैद्यक_अकोला:
दर्यापूरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असते. मोठ्या जनावराच्या चालू पोटात (चार पोटांपैकी पहिल्यात) ते बरंचसं बांधलं जाते, वासराचं पहिलं पोट अजून चालूच झालेलं नसते त्यामुळं ते रक्तात जाते आणि हृदयावर येते. गुळाचंही तसंच, वासराकडं साखर फोडायचं एन्झाइम नाही, त्याला दुधातली लॅक्टोज पचते, गूळ पचत नाही, तो आतड्यात आंबतो आणि हगवण लागते. कणकेची पेज पण त्याच कारणानं नको, स्टार्च पचवायची ताकद सुरवातीला फार कमी असते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. दुकानदार २२ टक्के म्हणतो ते कागदावर खरं आहे, पण वासराला ते सगळं मिळते का हे वेगळं. दुधातलं केसीन चौथ्या पोटात दह्यासारखं गोठते आणि हळूहळू पचते. व्हे प्रोटीन गोठत नाही तरी वासराला चांगलं पचते. सोयाचं तसं नाही. त्यात ट्रिप्सिन इनहिबिटर असतात, ते प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइमलाच अडवतात, शिवाय ग्लायसिनिन आणि बीटा-कॉनग्लायसिनिन ही प्रोटीनं लहान वासराच्या आतड्याला सोसत नाहीत, आतड्याचं अस्तर सुजते, पचनाची जागा कमी होते. पहिले तीन आठवडे पचनाचे एन्झाइम दुधाच्या हिशोबानंच चालतात, म्हणून त्या काळात फक्त दुधाचं प्रोटीन. तीन आठवड्यानंतर चांगलं प्रक्रिया केलेलं सोया किंवा गव्हाचं प्रोटीन एकूण प्रोटीनच्या साधारण अर्ध्यापर्यंत चालते, वाढ थोडी कमी मिळेल एवढं धरून चाला.

फायबर तुम्ही बरोबर पाहिलं. दुधात फायबर नसतेच, म्हणून आकडा ०.२ च्या वर गेला की वनस्पतीचं प्रोटीन आहे असं समजायचं. पण उलट बाजूही लक्षात ठेवा, सोया आयसोलेट (सोयाचं जवळपास निव्वळ प्रोटीन) आणि हायड्रोलाइज्ड गव्हाच्या प्रोटीनमध्ये फायबर नावालाच असते, म्हणून नुसता कमी आकडा पाहून पोतं घेऊ नका, घटक वाचा. लायसिन मेथिओनिन वरून टाकलेलं दिसते ते त्यासाठीच, गव्हात लायसिन कमी आणि सोयात मेथिओनिन कमी. ग्लासातला गाळ एवढा जाड असेल तर मला त्यात साधं सोया पीठ असावं असं वाटते, चांगलं कॉन्सन्ट्रेट एवढं खाली बसत नाही. ते पोतं मी या वयाला तरी देणार नाही.

घरचं सोयाबीन भाजल्यानं ट्रिप्सिन इनहिबिटर कमी होतात, पण ती त्रास देणारी प्रोटीनं आणि रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरी उरतातच. कारखान्यात कॉन्सन्ट्रेट करताना त्या अल्कोहोलनं धुऊन काढतात, चुलीवर ते होत नाही.

आर्वीचा_गोपालक:
डॉक्टर साहेब खूप आभार, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. एक शंका राहिली, मग वासराच्या कोरड्या दाण्यात सोया डीओसी (तेल काढलेली सोया पेंड) असतेच ना, तिथं कसं चालते? आणि महागाचं पोतं परवडते का हे कसं काढायचं?

पशुवैद्यक_अकोला:
चांगला प्रश्न आहे. वासरू दूध चोखते तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हाळ बनते आणि दूध पहिल्या पोटाला वळसा घालून थेट चौथ्यात जाते. दाणा मात्र पहिल्या पोटात पडतो, तिथले जंतू सोया फोडून स्वतःचं प्रोटीन बनवतात आणि पुढं वासराला तेच मिळते. म्हणून सोया दाण्यात द्या, दुधात नको.

परवडण्याचं असं. साधारण १२५ ग्रॅम पावडरचं एक लिटर होते, म्हणजे किलोत आठ लिटर. पोत्याचा किलोचा भाव आठनं भागा आणि डेअरीच्या लिटरच्या भावाशी लावून पाहा. फार फरक निघत नसेल तर सरळ गाईचं दूधच पाजा, त्याच्यापुढं काही नाही.

वरुडची_ताई:
दादा, आमच्याकडं सगळ्या कालवडी मीच पाहते म्हणून लिहिते. खर्च वाचवायचा तर पावडर स्वस्त घेण्यापेक्षा दूध लवकर सुटेल असं करा. दुसऱ्या आठवड्यापासून दूध पाजून झालं की लगेच मूठभर काफ स्टार्टर (वासराचा कोरडा दाणा) तोंडाला लावायचं, तोंडात बोट घालून चाटवायचं, आणि स्वच्छ पाण्याची बादली कायम समोर पाहिजे, पाण्याशिवाय दाणा खात नाहीत. सलग तीन दिवस रोज किलोभर दाणा खाल्ला की दूध हळूहळू बंद करायचं. पावडर घोळायचं पाणी पोत्यावर लिहिलं तेवढंच गरम, बहुतेक ४५ ते ५० अंश, अन् पाजताना ३८ ते ४० ला आलं पाहिजे, थंड पाण्यात फॅट वर तरंगते आणि गुठळ्या होतात. आणि दूध एकदम बदलू नका, चार पाच दिवस मिसळून मिसळून न्या. पातळ संडास लागली तर दूध तोडू नका, दोन दुधांच्या मधात ओआरएस द्या अन् डॉक्टरला दाखवा.

आर्वीचा_गोपालक:
ताई, डॉक्टर साहेब, भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच हिशोब लावला, महागाची पावडर लिटरमागं दुधापेक्षा थोडीच स्वस्त पडते, म्हणून महिनाभराची होईपर्यंत कालवडीला दुसऱ्या गायीचंच दूध पाजतो आणि आजपासून दाणा चाटवायला घेतो. गाळवाल्या पोत्याचा नमुना दुकानात वापस नेऊन दाखवणार आहे, कारण तेच पोतं गावात बाकीचे लोकही नेतात आणि त्यांना कोणी सांगत नाही. डॉक्टर साहेब, पुढच्या महिन्यात नागपुरी म्हैस व्यायची आहे, वगार झाली तर तिलाही तीन आठवड्याचाच हिशोब धरायचा की म्हशीच्या दुधात फॅट जास्त असते म्हणून काही वेगळं करायचं?