फोनवरच्या सर्व्हेत आमच्या घरून बाबाच बोलतात, मग तो आकडा नक्की कुणाचा?

बार्शीचा_बाळ्या
मंडळी, परवा एका चॅनलवर निवडणुकीचा सर्व्हे चालू होता, खाली बारीक अक्षरात "मुलाखती फोनवरून". आता आमच्याच घरचं बघा, आईचा फोन म्हणायला तिचा पण अनोळखी नंबर दिसला की ती सरळ बाबांच्या हातात देते, आणि राजकारण निघालं की बाबा अर्धा तास सोडत नाहीत समोरच्याला. मी ट्रूकॉलरवर लाल दिसलं की कट. म्हणजे कुठलाही नंबर फिरवा, मत बाबांचंच जाणार! मग सॅम्पल ५ हजार काय नि ५० हजार काय? की यावर काही उपाय करतात हे लोक? गणिताची सूत्रं नकोत प्लीज.

रोखठोक
सगळं मॅनेज असतं रे. पैसे दिले की पाहिजे तो आकडा. विषय संपला.

मास्तर_सांगलीकर
रोखठोकराव, तसंही होत असेल, पण प्रामाणिकपणे केलेला सर्व्हेसुद्धा तोंडावर आपटतो, प्रश्न त्याचा आहे.
बाळ्या, तुझी शंका रास्त आहे. अमेरिकेत १९३६ ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने १ कोटी लोकांना पोस्टाने मतपत्रिका पाठवल्या, पत्ते मुख्यतः टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारमालकांच्या याद्यांतून काढलेले, आणि मंदीच्या काळात घरी फोन असणारे कोण ते तूच सांग. २० लाखांहून जास्त उत्तरं आली, त्यावरून रूझवेल्टविरुद्ध उभा असलेला लँडन जिंकणार म्हणून छापलं, प्रत्यक्षात त्याला ४८ पैकी २ राज्यं मिळाली आणि रूझवेल्ट जवळपास ६१ टक्के घेऊन गेले. गॅलप नावाच्या दुसऱ्या सर्व्हेवाल्याने त्यामानाने चिमूटभर सॅम्पल घेऊन निकाल बरोबर सांगितला होता. आणि नंतर अभ्यासकांनी खोदून पाहिलं तर दोष नुसत्या याद्यांचा नव्हता, ज्यांनी उत्तर पाठवलं ते आणि ज्यांनी नाही पाठवलं ते, यांची मतंच वेगळी होती. हे दुसरं दुखणं आज फोनवाल्यांना जास्त छळतं. अमेरिकेत प्यू नावाची नामांकित संस्था आहे, त्यांच्या फोन सर्व्हेला १९९७ ला १०० तले ३६ जण उत्तर द्यायचे, २०१८ ला ६.
उपाय म्हणशील तर वेटिंग, म्हणजे मतांना कमीजास्त वजन देणं. समज लोकसंख्येत बायका निम्म्या, पण १०० जणांत २५ च मिळाल्या, तर प्रत्येकीचं मत दुप्पट धरायचं आणि पुरुषाचं दोन तृतीयांश. फुकट नाही हं ते, १०० मुलाखती घेऊनही भरवसा ७५ मुलाखतींएवढाच मिळतो.

शलाका_के
मी कॉलेजात असताना हे काम केलंय म्हणून सांगते. नंबर सिस्टीमच लावते, आपण फक्त हेडफोन घालून बसायचं, उचलला नाही, स्विच ऑफ, नंतर करा, असं टिक करत जायचं. प्रत्येक गटातले किती जण घ्यायचे तो कोटा ठरलेला, शहरातल्या तरुण पोरांचा दुपारीच फुल, मग पुरुषाचा आवाज आला की थँक्यू म्हणून ठेवायचं. खेड्यातल्या पन्नाशीपुढच्या बायका शेवटच्या दिवसापर्यंत राहायच्या. फोन लागला तरी "ह्यांना विचारा, ते रानात गेलेत", नाहीतर स्पीकरवर टाकून मागून कुणीतरी उत्तर पढवतंय, ते आपल्याला स्पष्ट ऐकू येतं!! ज्या मोकळेपणी बोलायच्या त्या अंगणवाडीत काम करणाऱ्या, बचत गट चालवणाऱ्या, स्वतःचा फोन स्वतः वापरणाऱ्या. आता मास्तर म्हणतात तसं यांचं मत दुप्पट केलं तर बाळ्याच्या आईचं मत आलं का त्यात? नाही ना. कोटा भरला, कागदावर सगळं छान.

बार्शीचा_बाळ्या
हेच हेच! आई आणि अंगणवाडीच्या बाई वयाने सारख्याच असतील, पण विचार कुठे सारखे. मग वेटिंग कशाच्या जोरावर करतात?

मास्तर_सांगलीकर
शलाकाताईंनी नेमकं बोट ठेवलंय. वय, लिंग, शिक्षण याचे जनगणनेचे आकडे हाताशी असतात म्हणून तेवढंच दुरुस्त होतं (आणि आपली शेवटची जनगणना २०११ ची, हे एक आणखीच). २०१६ ला अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बऱ्याच राज्यांतल्या सर्व्हेंनी शिक्षणाचं वेट लावलं नव्हतं, जास्त शिकलेले जास्त उत्तरं देतात, ते हिलरीकडे झुकलेले, तिथे गडबड झाली. बरं २०२० ला बहुतेकांनी ते लावलं तरी चूक आणखी वाढलीच, कारण एकाच वयाच्या, तेवढंच शिकलेल्या दोघांत जो सर्व्हेवाल्याशी बोलायलाच तयार नाही त्याचं मत वेगळं असू शकतं, आणि त्याला कुठलं वेट लावणार?
आपल्याकडे तर अडचण त्याच्याही आधीच्या पायरीवर आहे, फोन हातात असण्याच्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्केच बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता.

रोखठोक
मग दारोदार जा म्हणावं.

शलाका_के
जातात की. सीएसडीएस या संशोधन संस्थेचे लोकनीतीवाले मतदारयादीतून नावं काढून घरी जातात, खर्च आणि वेळ दोन्ही दणदणीत. पण २०२४ चे एक्झिट पोल आठवा, त्यात दारात, बूथबाहेर जाऊन विचारणारेही होते, बहुतेकांनी एनडीएला लोकसभेच्या ३५० च्या वर जागा दिल्या आणि आल्या २९३. समोर उभं राहून विचारलं तरी लोक सांगतीलच असं नाही, त्यात शेजारी सरपंचाचा माणूस उभा असेल तर बघायलाच नको. बाळ्या, तू मात्र पुढच्या वेळी फोन आला की आईलाच दे आणि बाबांना बाहेर पाठव 😄

बार्शीचा_बाळ्या
बाबा जाणार नाहीत हो ताई.