मुलांच्या लिहिण्याबोलण्यातलं 'नेहमी', 'कधीच', 'सगळेच' कसं कमी करायचं?

खडू_फळा:
मी नववीला भाषा शिकवते. सध्या निबंध तपासतेय आणि बऱ्याच वह्यांत एकच प्रकार, 'आजची पिढी मोबाईलशिवाय काहीच करत नाही', 'श्रीमंत लोक कोणालाच मदत करत नाहीत' वगैरे. 'सरसकट विधान नको' असा शेरा मारून मारून दमले, पोरं फक्त 'सगळे' खोडून 'बहुतेक सगळे' लिहितात आणि पुढचं वाक्य जसंच्या तसं. त्यात परवा एक मुलगा गणिताची वही मिटून म्हणाला, मला गणित येतच नाही, कधीच येणार नाही. ते ऐकल्यापासून डोक्यात तेच चाललंय. शब्द बदलून घेणं सोपंय हो, पण विचार कसा बदलायचा? कोणी वर्गात काही करून बघितलंय का?

वजाबाकी:
गणितवाला आहे म्हणून माझ्या बाजूने सांगतो. शब्द खोडायला लावू नका, अपवाद शोधायला लावा. मी फळ्यावर लिहितो 'सगळ्या मूळ संख्या विषम असतात' आणि गप्प उभा राहतो, कोणीतरी '२!' ओरडतंच. मग जरा अवघड, एक संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा, वर ४१ मिळवा. ० घेतला तर ४१, १ ला ४३, २ ला ४७, ३ ला ५३, सगळ्या मूळ. पाच-सहा झाल्या की मुलं म्हणतात सर नेहमी मूळच येणार, आणि ३९ पर्यंत खरंच येते. ४० घेतलं की १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. चाळीस वेळा खरं ठरलेलं एकेचाळिसाव्या वेळी पडतं हे मुलांनी स्वतः करून बघितलं ना की 'नेहमी' लिहिताना हात थोडा थांबतो.

पण 'नेहमी' हा शब्दच वाईट असं मात्र शिकवू नका प्लीज. सपाट कागदावरच्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज नेहमी १८० अंशच, ते सिद्ध झालेलं आहे, तिथे 'बहुतेक वेळा' लिहिलं तर मी मार्क कापीन. चेंडूवर त्रिकोण काढला तर बेरीज १८० च्या वर जाते ही गोष्ट वेगळी, म्हणजे 'नेहमी' म्हणताना कुठे ते पण सांगायचं.

शुद्धलेखन_वही:
ताई, आपल्या भाषेत खरी गोम 'च' मध्ये आहे. 'तो उशिरा येतो', 'तो उशिराच येतो', 'तो नेहमीच उशिरा येतो' ही तीन वाक्यं लिहून द्या आणि विचारा प्रत्येकासाठी किती दिवसांचा पुरावा लागेल. मी मुलांना स्वतःच्या निबंधातले सगळे 'च' गोल करायला लावते, मग एकेक 'च' ठेवायचा की काढायचा त्याचं कारण शेजाऱ्याला सांगायचं.

आणि 'बहुतेक', 'कदाचित', 'असू शकते' याचा मारा झाला की निबंध पार पिळपिळीत होतो, तो उपाय नाही. त्या श्रीमंतांच्या वाक्यावर मी विचारलं असतं, तू काय बघितलंस? एका ओळखीच्या माणसाने पैसे असून नाही म्हटलं, एवढंच असेल तर तेवढंच लिही. वाक्य लहान होतं पण खरं होतं, वाचणाऱ्याला पटतं.

ऐकणारा_कान:
मी शाळेत समुपदेशनाचं काम करते. त्या गणिताच्या मुलाबद्दल बोलते, कारण ती गोष्ट निबंधापेक्षा वेगळी आहे. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्यावर काम करताना हे 'सगळं किंवा काहीच नाही' विचार करणं नोंदवलं होतं. २०१८ मध्ये एक अभ्यास आला, त्यात ६३ ऑनलाइन फोरमवरचं लिखाण तपासलं होतं, चिंता आणि नैराश्याच्या फोरमवर असे टोकाचे शब्द तुलनेसाठी घेतलेल्या इतर फोरमपेक्षा साधारण ५० टक्के जास्त सापडले. म्हणजे प्रत्येक 'कधीच' आजाराचं लक्षण असं अजिबात नाही, पण दर वेळी तो व्याकरणाचा प्रश्न पण नसतो.

'असं नाही रे, येतं तुला' म्हणू नका, तो लगेच उलटं सिद्ध करायला बसतो. विचारा, शेवटचं कुठलं गणित सुटलं होतं? कुठल्या पायरीवर अडलास? 'येत नाही' च्या आधी 'अजून' लावून बघ म्हणावं. आणि कोणी 'मला कोणीच नाही', 'कशालाच अर्थ नाही' म्हणालं तर वाक्य सुधारू नका, बसून ऐका आणि त्याच दिवशी घरच्यांशी, समुपदेशकाशी बोला.

अजून एक, प्रगतिपुस्तकातले आपले शेरे पण वाचा. 'अभ्यास करतच नाही', 'कधीच लक्ष देत नाही', हे मुलं आपल्याकडूनच उचलतात.

खडू_फळा:
सगळ्यांचे मनापासून आभार. 'च' गोल करायचं आज केलं, वर्गात इतकी भांडणं झाली एकेका 'च' वरून, छान वाटलं. मधल्या सुट्टीत त्या मुलाला जवळ बसवून विचारलं कुठे अडतोस. आधी 'सगळीकडेच' म्हणाला, मग वही उघडून बराच वेळ पानं उलटत बसला आणि म्हणाला, भागाकार येतो, दशांश चिन्ह आलं की कळत नाही ते कुठे ठेवायचं. गणिताच्या सरांना सांगितलंय, उद्यापासून ते त्याला दहा मिनिटं देणार आहेत.