‘एरर-प्रोन पॉलिमरेज’ : सदोष, प्रमादशील की चूकप्रवण?

शब्दखुळी : फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या लेखाचं भाषांतर तपासतेय. ‘एरर-प्रोन पॉलिमरेज’ला (डीएनएची नक्कल करणाऱ्या, पण चुका करू शकणाऱ्या एन्झाइमला) सगळीकडे ‘सदोष पॉलिमरेज’ केलंय. चालेल?

रेणुकण : नको, अर्थच फिरतो. या गटातलं पॉलिमरेज इटा घ्या. त्यात डीएनएचं अक्षर (अ‍ॅडेनिन ए, थायमिन टी, ग्वानिन जी किंवा सायटोसिन सी) बसवायची जागा ऐसपैस आणि मुद्रितशोधनाची सोय नाही, ही त्याची मूळ घडण. म्हणून धडधाकट डीएनएवर ते काही डझन ते काही शे अक्षरांमागे एक चुकीचं बसवतं. नेहमीची डेल्टा आणि एप्सिलॉन लाखात एखादं चुकवतात, तेही बहुतेकदा स्वतःच खोडतात. पण उन्हाने एकमेकांना चिकटलेल्या दोन थायमिनांसमोर हेच इटा दोन अ‍ॅडेनिन बिनचूक बसवतं. झेरोडर्मा पिगमेंटोसम या ऊन न सोसणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या ‘व्हेरियंट’ प्रकारात इटाचं जनुक बिघडलेलं असतं आणि त्या रुग्णांना त्वचेचे कर्करोग होतात. सदोष इटा म्हणायचं तर त्याला.

पदर : ‘प्रमादशील’, ‘स्खलनशील’ ही माणसाची विशेषणं, त्यांना नीतीचा वास येतो. अवर्षणप्रवण तालुका, अपघातप्रवण वळण हे आपण रोज वाचतो, तसंच ‘चूकप्रवण’. मराठी ‘चूक’ला संस्कृत ‘प्रवण’ जोडल्याबद्दल कुणी नाक मुरडेल, मुरडू दे.

शब्दखुळी : बरं. ‘ट्रान्सलीजन सिंथेसिस’ला ‘व्रणपार संश्लेषण’ आहे.

रेणुकण : ‘व्रण’ वाचून लोकांना फुप्फुसातली जखम दिसेल. इथे इजा एका अक्षराची आहे. पहिल्यांदा ‘इजा ओलांडून होणारी नक्कल’ लिहा, पुढे नुसतं ‘ट्रान्सलीजन’.

क्रमही तपासा, कारण शब्द तिथेच घसरतात. तंबाखूच्या धुरातल्या बेंझोपायरीनपासून शरीरात डायॉल इपॉक्साइड बनतं, ते ग्वानिनला चिकटतं. नक्कल करणारं नेहमीचं पॉलिमरेज तिथे अडतं. मग पॉलिमरेजला डीएनएवर धरून ठेवणाऱ्या पीसीएनए या प्रथिनाच्या कड्यात १६४व्या जागेवरच्या लायसिनवर युबिक्विटिन हे छोटं प्रथिन चढतं आणि ट्रान्सलीजन पॉलिमरेजला जागा मिळते. पॉलिमरेज कप्पा आलं तर समोर बहुधा सायटोसिन बसतं, म्हणजे बरोबर. इटा आलं तर बऱ्याचदा अ‍ॅडेनिन, आणि पुढच्या नकलेत जी-सी जोडीच्या जागी टी-ए पक्कं होतं. पेशींच्या वाढीशी संबंधित केरास जनुकाच्या १२व्या कोडॉनमध्ये (तीन अक्षरांच्या शब्दात) जीजीटीचं टीजीटी झालं की प्रथिनात ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन येतं. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका प्रकारात, अ‍ॅडेनोकार्सिनोमात हा बदल वारंवार सापडतो.

म्हणजे ‘चूकप्रवण’ हा शब्दसुद्धा सरसकट नको. कोणतं पॉलिमरेज, कोणत्या इजेसमोर, हे त्याच वाक्यात यायला हवं.

शब्दखुळी : ‘धुरातली रसायनं डीएनएला उत्परिवर्तनं चिकटवतात’ असंही एक वाक्य आहे.

पदर : कापा. चिकटतं ते रसायन.

रेणुकण : हो. ग्वानिनला चिकटलेला रेणू दुरुस्तीयंत्रणेने वेळेत कापून काढला तर उत्परिवर्तन होतच नाही. ‘धुरातली रसायनं डीएनएला इजा करतात, ती इजा दुरुस्त होण्याआधी नक्कल झाली, तर उत्परिवर्तन होऊ शकतं’ असं करा. वाक्य लांबलं तरी चालेल.